फलोदीचे बारा महिने

एकतीस वर्षें मीं शाळेंत भूगोल हा विषय शिकविला. त्या अवधींत जें एक वाक्य दरवर्षीं न चुकतां मुलांकडून लिहवून घेतलें, तें असें होतें : ‘अरवली पर्वताची रांग अरबी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांस समांतर असल्यामुळें ते वारे अडत नाहींत, म्हणून राजस्थानच्या पश्चिम भागांत पाऊस पडत नाहीं.’ हें वाक्य ज्यानें जसेंच्या तसें लिहिलें, त्यास मीं पुरे गुण दिले. सेवानिवृत्त झाल्यावर त्याच प्रदेशांत एक संपूर्ण वर्ष राहण्याचा योग आला, आणि या वाक्याचा पहिला भाग अपुरा व शेवटचा भाग साफ चुकीचा आहे, अशी खात्री करून घेऊन मी परत आलों. ज्यांना मीं तें वाक्य शिकविलें, ते विद्यार्थी आतां संसारांत पडले आहेत. त्यांच्यापैकीं कोणी आज ऐकत असेल, तर त्यानें हें भाषण म्हणजे आपल्या जुन्या वहीची उशिरां केलेली तपासणी समजावी.

ज्या गांवाविषयीं मी बोलणार आहें, त्याचें नांव फलोदी. जोधपूरहून जैसलमेरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, जोधपूरपासून सुमारें १४० किलोमीटरांवर हें लहानसें शहर वसलेलें आहे. २०२३ सालीं तें जिल्ह्याचें ठाणें झालें. जुना किल्ला, तांबूस दगडाच्या हवेल्या, जैन मंदिरें, आणि आसपास मिठागरें, असें त्याचें रूप आहे. मिठागर म्हटलें कीं आपल्याला समुद्र आठवतो. परंतु येथें समुद्र शेंकडों किलोमीटर दूर, आणि मीठ निघतें तें जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यापासून. माझी कन्या व जांवई नोकरीनिमित्त तेथें राहतात. होळी झाल्यावर मी त्यांच्याकडे गेलों आणि पुढील होळीच्या आधीं परतलों. त्यामुळें एका वाळवंटी गांवाचे बाराही महिने एका ओळीनें पाहावयास मिळाले.

पंचांगाविषयीं एक खुलासा आधीं करून ठेवतों. तिकडील महिने पौर्णिमेला संपतात, आपले अमावास्येला. त्यामुळें कृष्णपक्षांत त्यांचा महिना आपल्यापुढें एकानें धांवत असतो. मी मात्र आपल्या सवयीचेंच मास-नाम वापरीन.

चैत्र तेथें सौम्य वेषांत येतो. पहांटे अंगावर पातळ चादर लागते, आणि दुपारीं पंख्यावांचून बसवत नाहीं. रोहिडा नांवाच्या झाडाला ऐन कोरड्या दिवसांत नारिंगी-पिवळीं फुलें येतात; पानांपेक्षां फुलेंच अधिक दिसतात. वारा पश्चिमेकडून वाहतो, आणि त्याला कसलाच वास नसतो. हें मला प्रथम चमत्कारिक वाटलें. आपल्या हवेंत सदैव कांहींना कांहीं ओल असते आणि ती ओल वास वाहून आणते, हें मला तोंवर उमगलें नव्हतें.

याच महिन्यांत मला एक नवा शब्द शिकावयास मिळाला : नहरबंदी. फलोदीच्या नळाला येणारें पाणी हें हिमालयाचें आहे. पंजाबांत सतलज व बियास यांच्या संगमाजवळ हरिके येथें बंधारा आहे. तेथून निघणारें पाणी इंदिरा गांधी कालव्यानें शेंकडों किलोमीटर येतें आणि पंपांनीं उपसून या बाजूस आणलें जातें. कालव्याच्या दुरुस्तीसाठीं वसंत ऋतूंत कांहीं आठवडे त्यांतील पाणी बंद ठेवितात. म्हणजे उन्हाळा तोंडावर आला असतां नळ आखडतो. एके सकाळीं आमच्या घरीं नळ उघडला, तो त्यांतून नुसता वाऱ्याचा आवाज आला.

आमचे घरमालक पंच्याहत्तरीच्या घरांतले गृहस्थ. ते मला ‘मास्टरजी’ म्हणत व मी त्यांना ‘बाबूजी’ म्हणत असें. त्यांच्या अंगणांत जमिनीखालीं एक टांका होता. टांका म्हणजे पावसाचें पाणी सांठविण्याचें चुन्यानें लिंपलेलें गोल तळघरच म्हणा ना. वर एक लहान झांकण, त्याला कुलूप. बाबूजींच्या चिरंजीवांचा विचार असा कीं, टांका बुजवून त्यावर भाड्यासाठीं एक खोली काढावी. नळ आल्यापासून टांक्याचा उपयोग काय? यावर पितापुत्रांत बोलणें होई, तें मोठ्या आवाजांत कधीं झालें नाहीं, परंतु तें मिटतही नसे. त्या सकाळीं बाबूजींनीं कमरेची किल्ली काढून कुलूप उघडलें, दोरीनें बादली सोडली, आणि पहिला हंडा आमच्या दाराशीं आणून ठेविला. गेल्या श्रावणांतलें तें पाणी होतें. पुढें चौदा दिवस आम्ही सर्वजण तेंच प्यालों. त्या दिवसांत चिरंजीव खोलीविषयीं एक शब्दही बोलले नाहींत.

वैशाखांत अक्षय तृतीया येते. तिला तिकडे आखातीज म्हणतात. आपल्याकडे त्या दिवशीं पितरांचें स्मरण व आमरस; तेथें बाजरीचा खिचडा आणि येणाऱ्या पावसाचे शकुन. म्हातारीं माणसें वाऱ्याची दिशा पाहतात, आकाश पाहतात, मुलांचें बोलणें ऐकतात. शकुनावर विश्वास ठेवावा असें मी म्हणत नाहीं. पण सबंध गांव एका दिवशीं आभाळाकडे लक्ष देऊन पाहतें, ही गोष्ट मला मोलाची वाटली. आपण शहरांत आभाळ पाहतों तें छत्री घ्यावी कीं नाहीं एवढ्यापुरतें.

मग ज्येष्ठ. फलोदीचें नांव ज्या कारणानें देशभर झालें, तें या दिवसांचें. १९ मे २०१६ या दिवशीं येथील वेधशाळेंत ५१ अंश सेल्सियस तापमान नोंदलें गेलें. भारतीय हवामान खात्याच्या नोंदींत भारतांतील तो उच्चांक आहे. त्यापूर्वींचा उच्चांक १९५६ सालचा, राजस्थानांतच अलवर येथला, ५०.६ अंशांचा. श्रोत्यांनीं लक्षांत घ्यावें कीं, हा आंकडा उन्हाचा नव्हे. हवामान खात्याचा तापमापक झडपांच्या पांढऱ्या पेटींत, सावलींत, जमिनीपासून सव्वा मीटरभर उंचीवर टांगलेला असतो. उघड्या वाळूचें तापमान त्याहून किती तरी अधिक असतें.

इतकें तापण्याचें कारण काय? सूर्य डोक्यावर असतो हें एक कारण खरेंच. फलोदी कर्कवृत्ताच्या उत्तरेस सुमारें साडेतीन अंशांवर आहे. जूनमध्यें दुपारीं सूर्य तेथें माथ्यापासून जेमतेम चार अंश ढळलेला असतो, आणि दिवस पावणेचौदा तासांचा. परंतु सूर्य तर तेव्हां इतरत्रही तळपत असतो. खरा भेद जमिनींत आहे. ओल्या जमिनीवर पडलेल्या उष्णतेचा मोठा भाग पाण्याची वाफ करण्यांत खर्ची पडतो. झाडें पानांवाटे पाणी सोडतात त्यांतही ती खर्ची पडते. कोरड्या वाळूला असा कोणताच खर्च नाहीं. आलेली सगळी उष्णता जमीन व हवा तापविण्याकडे जाते. ज्या घरीं दानधर्म नाहीं, तेथें नुसतें सांठतच जावें, तसें हें आहे.

त्या उन्हांत चालणारा वारा म्हणजे लू. भट्टीचें दार उघडल्यावर तोंडावर जो झोत येतो, तो थांबतच नाहीं अशी कल्पना करावी. दुपारीं हवेंतील सापेक्ष आर्द्रता दहा-पंधरा टक्क्यांवर येते. घाम येतो, पण दिसत नाहीं. येतांक्षणीं तो वाळतो, आणि संध्याकाळीं सदऱ्यावर मिठाचे पांढरे डाग तेवढे राहतात. यांतच मोठा धोका आहे. मुंबईस तेहतीस अंशांत मनुष्य भिजून जातो, कासावीस होतो, म्हणून पाणी मागतो. फलोदीस पंचेचाळीस अंशांत अंग कोरडें राहतें, आणि तहान लागली हें कळण्यापूर्वींच शरीर शुष्क होऊं लागतें. म्हणून तेथें पाहुण्याला ‘पाणी हवें का’ असें विचारीत नाहींत. पाणी आणून पुढें करतात. प्रथम मला तो नुसता शिष्टाचार वाटला. तें औषध आहे, हें मागाहून समजलें. त्याच कोरडेपणामुळें मातीच्या माठांतलें पाणी मात्र असें गार होतें, कीं कोंकणांतल्या माठाला तें कधींच साधणार नाहीं.

सूर्य रोहिणी नक्षत्रांत प्रवेश करतो तेव्हांपासूनच्या नऊ दिवसांना तिकडे नौतपा म्हणतात. आपला शेतकरी रोहिणी लागल्या कीं बी-बियाणें काढून ठेवतो. तिकडील शेतकरी त्या नऊ दिवसांत कडक ऊन पडावें अशी इच्छा करतो. नौतपा तापला तर पाऊस चांगला, अशी त्याची समजूत. नेमक्या नऊ दिवसांचा हिशेब शास्त्रांत सांपडणार नाहीं. पण तापलेल्या भूमीवरची हवा विरळ होऊन वायव्य भारत व पाकिस्तान यांवर कमी दाबाचा प्रदेश तयार होतो, आणि समुद्रावरील वाऱ्यांना देशांत ओढून घेण्यांत त्याचा वांटा असतो, हें हवामानशास्त्र सांगतें. म्हणजे आपल्या अंगणांत पडणाऱ्या मृगाच्या सरींमागें या लोकांनीं सोसलेलें ऊनही कांहीं अंशीं आहे.

याच दिवसांत आंधी येते. मीं पाहिलेली पहिली आंधी सायंकाळीं पांचच्या सुमारास आली. पश्चिमेस क्षितिजावर तपकिरी रंगाची एक भिंत उभी राहिली, आणि ती आपल्याकडे चालत येत आहे हें पांच मिनिटांनीं ध्यानांत आलें. दिवसाढवळ्या दिवे लावावे लागले. दारें-खिडक्या बंद करूनही ताटांत, अंथरुणांत, पुस्तकांच्या पानांत बारीक वाळू पोहोंचली. आंधीचें मूळ बहुधा एखाद्या ढगांत असतें. ढगांतून पाऊस सुटतो, पण खालच्या कोरड्या हवेंत तो जमिनीला लागण्यापूर्वींच विरतो. त्यानें थंड व जड झालेली हवा खालीं कोसळते आणि चोहोंकडे धांवत सुटतांना धूळ उचलते. म्हणजे आंधी हा वाटेंतच हरवलेला पाऊस होय. ती गेल्यावर घटकाभर हवा गार होते, आणि लोक गच्चीवर वाळू झाडून बाजा घालतात.

आषाढाच्या पूर्वार्धांत, आपल्याकडे पेरण्या आटोपल्यावर, पाऊस तेथें पोहोंचतो. केरळांत १ जूनच्या सुमारास येणारा मोसमी वारा हवामान खात्याच्या नव्या तारखांप्रमाणें ८ जुलैच्या सुमारास सगळा देश व्यापतो. पश्चिम राजस्थान हें त्याच्या वाटेवरचें शेवटचें ठिकाण. पहिल्या सरीच्या दिवशीं मी शाळेंतल्या पोरासारखा गच्चीवर गेलों. खालीं बाबूजी अंगणांत भिजत उभे होते. पण ते पावसाकडे पाहत नव्हते. त्यांचें सारें लक्ष छपराच्या पन्हळीकडे होतें. त्यांनीं टांक्याची वाट बोळा घालून बंद केली होती, आणि पाणी गल्लींत सोडलें होतें. पहिल्या पावसानें छप्पर धुऊन निघावें, दुसऱ्यानें टांका भरावा, हा तेथला नियम. दुसरी सर आली ती सहा दिवसांनीं. ते सहा दिवस त्या वृद्ध गृहस्थांनीं कसे काढले, तें मीं पाहिलें आहे. सर आली तेव्हां त्यांनीं बोळा काढला, झांकणाजवळ कान लावला, आणि आंत पाणी पडत असल्याचा आवाज ऐकून मला हातानें बोलाविलें. आम्ही दोघे म्हातारे जमिनीवर गुडघे टेकून तो आवाज ऐकत होतों.

पाऊस होतांच गांवाबाहेर नांगर चालूं लागतात. बाजरी, मूग, गवार आणि मोठ, म्हणजे आपली मटकी, हीं तेथील पिकें. सगळीं थोड्या दिवसांत हातीं येणारीं, थोड्या पाण्यावर भागविणारीं. एरवीं पिवळी असणारी भूमि आठ दिवसांत हिरवी होते. या झाडोऱ्यांत मानाचें झाड म्हणजे खेजडी. आपण दसऱ्याला जिचें पूजन करतों, तीच ही शमी. तिचीं मुळें खोल जातात. ऐन उन्हाळ्यांत तिला पालवी फुटते व शेंगा येतात. त्या कोंवळ्या शेंगा सांगरी म्हणून वाळवून वर्षभर भाजीला वापरतात. १७३० सालीं जोधपूरजवळ खेजडली येथें हीं झाडें वांचविण्यासाठीं ३६३ बिष्णोई स्त्रीपुरुषांनीं प्राण दिले. ज्या प्रदेशांत एका झाडाची सावली म्हणजे एका कुटुंबाचा उन्हाळा, तेथें ही गोष्ट अतिशयोक्तीची वाटत नाहीं.

आतां माझ्या वाक्याकडे येतों. अरवली वाऱ्यांना आडवी नाहीं, हें खरें. परंतु तेवढ्यानें पाऊस कां थोडा, याचा उलगडा होत नाहीं. कारण डोंगर मुळींच नसलेल्या कित्येक सपाट प्रदेशांत भरपूर पाऊस पडतो. श्रावणांत फलोदीच्या हवेंत बाष्प पुष्कळ असतें. रात्रीं अंग चिकचिकतें तें मीं अनुभवलें आहे. पण हा ओला थर उथळ असतो. त्याच्या वर पश्चिमेकडून आलेली ऊन व कोरडी हवा झांकणासारखी बसलेली असते, आणि ती वरून खालीं दबत असते. ढगाला उंच चढतां येत नाहीं, म्हणून तो बरसत नाहीं. बंगालच्या उपसागराकडून येणारे ओले वारेही वाटेंत रिते होत होत येथवर पोहोंचतात. झांकण एखादे दिवशीं उचललें गेलें, कीं मात्र पाऊस धो धो येतो. म्हणजे वाळवंट हें बाष्पाच्या अभावानें झालें, असें नसून, बाष्प वर चढूं न शकल्यानें झालें, असें म्हणणें अधिक बरोबर.

आणि ‘पाऊस पडत नाहीं’ हें तर चूकच. फलोदीस वर्षाकांठीं सरासरीनें दोनशें ते अडीचशें मिलिमीटर पाऊस होतो. पुण्यास सुमारें सातशें, मुंबईस दोन हजारांवर. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. म्हणजे फलोदीचा चार वर्षांचा पाऊस मुंबईवर एका दिवसांत पडला. असें असून त्या दिवशीं मुंबईंत पिण्याच्या पाण्याचा एक थेंबही कोणी सांठविला नसेल. फलोदीचा हिशेब मीं वहींत मांडून पाहिला. शंभर चौरस मीटरांचें छप्पर, त्यावर दोनशें मिलिमीटर पाऊस, म्हणजे वीस हजार लिटर पाणी. धुण्यांत, उडून जाण्यांत एक चतुर्थांश गेलें असें धरलें, तरी पंधरा हजार उरतें. पांच माणसांचें कुटुंब, पिण्यास व स्वयंपाकास माणशीं रोज आठ लिटर, म्हणजे दिवसाला चाळीस. पंधरा हजारांस चाळीसानें भागा. तीनशें पंच्याहत्तर दिवस! वर्ष पुरून दहा दिवस वर. हें उत्तर मीं बाबूजींना दाखविलें. ते हंसून म्हणाले, ‘मास्टरजी, आमच्या आजोबांना भागाकार येत नव्हता. टांका मात्र त्यांनीं याच मापाचा खोदला.’

तथापि सरासरी हा शब्द या प्रदेशांत फसवा आहे. एका वर्षीं सरासरीच्या दुप्पट, तर दुसऱ्या वर्षीं अर्धाही नाहीं, असें तेथें वारंवार घडतें. पाऊस गेला म्हणजे धान्य जातें, चारा जातो, पाणी जातें. तिन्ही एकदम गेल्यास त्याला तिकडे त्रिकाल म्हणतात. विक्रम संवत १९५६, म्हणजे इसवी सन १८९९-१९००, या सालचा दुष्काळ अजूनही ‘छप्पनिया’ या नांवानें ओळखला जातो. संवताचा आंकडाच जेथें संकटाचें नांव होतो, तेथील लोक पाण्याला कुलूप लावतात, यांत कंजूषपणा पाहूं नये.

भाद्रपदांत आपल्याकडे गणपती येतात तेव्हां तेथें पाऊस जाण्याच्या बेतांत असतो. सर्वांत शेवटीं येणारा हा पाहुणा येथूनच सर्वांत आधीं निघतो. पूर्वी परतीची तारीख १ सप्टेंबर धरीत. २०२० सालीं हवामान खात्यानें ती १७ सप्टेंबर केली, कारण अलीकडील अनेक वर्षांच्या नोंदींत मुक्काम लांबलेला दिसला. पाऊस गेला कीं आभाळ स्वच्छ होतें आणि आश्विनांत दुसरा एक लहान उन्हाळा पडतो. दुपारीं पुन्हां अडतीस-एकोणचाळीस अंश.

या संधिकाळींच पाहुणे पक्षी येतात. फलोदीपासून चार-पांच किलोमीटरांवर खीचन नांवाचें खेडें आहे. मध्य आशिया व मंगोलियाकडून हिमालय ओलांडून कांड्या करकोचे, ज्यांना तिकडे कुरजां म्हणतात, हजारोंच्या संख्येनें तेथें उतरतात. गांवकरी त्यांच्यासाठीं रोज सकाळीं धान्य टाकतात. मार्चपर्यंत त्यांचा मुक्काम असतो. जून २०२५ मध्यें खीचनला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ स्थळांच्या रामसर यादींत स्थान मिळालें. वाळवंटांतलें पाणथळ, हें शब्द ऐकून माझ्यांतला भूगोलाचा मास्तर पुन्हां एकदां निरुत्तर झाला.

कार्तिक-मार्गशीर्षांत फलोदीसारखी हवा शोधूनही सांपडणार नाहीं. पौषांत मात्र रात्रीं कडक होतात. दुपारीं चोवीस-पंचवीस अंश, तर पहांटे सात-आठ. आणि कांहीं रात्रीं पारा शून्याच्या जवळ येतो. ज्या कोरडेपणानें उन्हाळा भाजतो, तोच हिवाळ्यांत गारठवितो. हवेंतील बाष्प व ढग हें पृथ्वीचें पांघरूण. तें नसलें म्हणजे दिवसां मिळविलेली ऊब रात्रीं सरळ आकाशांत निघून जाते. एके दिवशीं शेजारी ‘पाला पडला’ म्हणून हळहळत होते. मला वाटलें, झाडांचा पाला गळला असेल! तिकडे पाला म्हणजे दहिंवर गोठून पडणारें हिम. जिऱ्याचें उभें पीक त्यानें एका रात्रींत करपतें.

याच दिवसांत भूमध्य समुद्राच्या बाजूनें येणारीं वादळी आवर्तनें, ज्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतात, थोडासा पाऊस देऊन जातात. त्या पावसाचें तेथील नांव ऐकून मला परदेशांत आपलें माणूस भेटल्यासारखें झालें. तें नांव आहे मावठ. आपला मावठा तोच हा! फरक इतकाच कीं, आपण मावठ्याला शिव्या देतों, कारण तो आंब्याचा मोहर झाडतो. आणि तेथें मावठ म्हणजे हरभऱ्याला व मोहरीला मिळालेलें अमृत. एकच शब्द, एकच पाऊस. कोणाच्या अंगणांत पडला त्यावर त्याची किंमत.

असा हा क्रम पुरातन काळापासून चालत आला. आतां त्यांत पालट दिसूं लागला आहे. ऑगस्ट २००६ मध्यें शेजारच्या बाडमेर जिल्ह्यांत कांहीं दिवसांत एवढा पाऊस झाला, कीं कवास हें गांव पाण्याखालीं गेलें. वाळूखालीं जिप्समचा थर असल्यामुळें पाणी जिरेना. कित्येक आठवडे तें तसेंच उभें राहिलें आणि अनेकांचे प्राण गेले. तहानेनें मरण्याची सवय असलेल्या मुलुखांत माणसें बुडून मेलीं. जून २०२३ मध्यें बिपरजॉय चक्रीवादळानें गुजरातचा किनारा ओलांडून राजस्थानांतही अशीच अतिवृष्टि केली. दुसरीकडे, याच जिल्ह्यांत भडला येथें २,२४५ मेगावॅटचें सौर उद्यान उभें राहिलें आहे. जो सूर्य शाप वाटे, तो आतां वीज देतो. माझ्या जांवयाची भाकरी त्याच सूर्यावर आहे, म्हणून मी त्याची निंदा करणार नाहीं. पण अशा प्रकल्पांसाठीं खेजडीचीं झाडें तोडलीं जातात म्हणून तेथील लोक, विशेषतः बिष्णोई, निषेध करीत आहेत, हेंही सांगितलें पाहिजे. सूर्यापासून वीज घ्यावी. सावली मोडून मात्र घेऊं नये.

मी निघालों तेव्हां फाल्गुन लागला होता. बाबूजींनीं टांक्यांत काठी सोडून मला खूण दाखविली. अजून कमरेइतकें पाणी होतें. पुढें दोन महिन्यांनीं मुलीचें पत्र आलें, त्यांत तिनें सहज लिहिलें होतें : ‘खोलीचें काम सुरू झालें आहे. पण ती मागल्या बाजूस, गोठ्याच्या जागेवर. आणि खोलीच्या छपराचें पाणी टांक्यांत सोडणार आहेत.’

श्रोतेहो, माझ्या गांवीं, माझ्या स्वतःच्या परसांत एक विहीर होती. नळ आल्यावर आम्हीं तिच्यावर फरशी घातली, आणि त्या फरशीवर बसून मीं कित्येक वर्षें मुलांच्या वह्या तपासल्या. राजस्थानांत पाऊस पडत नाहीं, या वाक्याखालीं तांबड्या शाईनें बरोबरची खूण केली. जेथें दोनशें मिलिमीटर पडतो, तेथील माणूस एकेका सरीची वाट पाहतो व तिला घरांत घेतो; जेथें त्याच्या तिप्पट-दसपट पडतो, तेथें आपण ती गटाराच्या हवालीं करतों, आणि चैत्रांत टँकरची वाट पाहतों. वाळवंट कोणतें, याचा निवाडा मीं आपल्यावर सोपवितों. मीं मात्र परत आल्यावर पहिलें काम केलें तें फरशी काढण्याचें. विहीर अजून कोरडी आहे. छपराची पन्हळ तिच्याकडे वळविली आहे, आणि यंदां पहिल्या पावसांत बोळा घालावयाचा व दुसऱ्यांत काढावयाचा, एवढें मीं शिकून आलों आहें.